कायदा करणारा न्यायाच्या खुर्चीत बसतो तेव्हा



आमदारकी केलेल्या माणसाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवावे की बसवू नये, हा प्रश्न वरवर पाहता आपल्या कारखान्याच्या पत्रिकेत शोभणारा नाही. इथे लागण, खोडवा, हुमणी, पाचट यांच्याबद्दल लिहायचे, हा रिवाज. पण तरीही या विषयाला आम्ही मुद्दाम हात घालत आहोत. सहकारी कारखान्यात नियम करणारे, नियम चालवणारे आणि तक्रार ऐकणारे बहुतेक वेळा एकच असतात. म्हणून हा प्रश्न मुंबई-दिल्लीचा जेवढा आहे, तेवढाच दवनीवाड्याच्या ऊस उत्पादकाचाही आहे.

२०२५ साली मुंबई उच्च न्यायालयावरच्या एका नेमणुकीवरून राज्यात बरीच चर्चा झाली. पूर्वी एका पक्षाच्या प्रवक्तेपदी राहिलेल्या वकिलांची न्यायाधीश म्हणून शिफारस झाली, तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली. पक्षाची पदे आधीच सोडली होती, असे उत्तर आले. चर्चेत दोन टोकाची मते ऐकू आली. एक मत असे, की राजकारणाचा वारा लागलेला माणूस न्यायाच्या कामाला नालायकच. दुसरे असे, की माणूस हुशार आहे ना, मग मागचे कशाला उकरायचे? आमच्या मते दोन्ही मते अर्धवट आहेत. आपल्याच इतिहासातली चार माणसे पाहिली तर खरा निकष हाती लागतो.

पहिले नाव न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. जन्म १८४२, गाव निफाड, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यातला ऊस-द्राक्षाचा मुलूख. त्यांच्या कामाची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी, कारण ती पुणे-नगरकडची आहे. आपला भंडारा-गोंदियाचा भाग त्या काळी मध्यप्रांतात होता, आणि इथे मालगुजारी होती.

तिकडे दख्खनमध्ये शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडाला होता. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, व्याजावर व्याज चढवायचे, आणि दावा लावून जमीन काढून घ्यायची, असा प्रकार चालला होता. कोर्टात गेले तरी उपयोग नव्हता. कोर्ट म्हणे, रोख्यावर तुझा अंगठा आहे ना? मग संपलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी लोकांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली आणि रोखे, खतपत्रे काढून जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यातून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

त्या कायद्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचे बंद झाले. दहा रुपयांपर्यंतचे किरकोळ दावे गावातल्या गावात मिटावेत म्हणून पाटलाला किंवा गावातल्या वजनदार माणसाला गावमुन्सफ नेमण्याची सोय झाली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कोर्टाने नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही. व्यवहार जिथून सुरू झाला तिथपासूनचा हिशेब उघडायचा. पहिले कर्ज किती, रोख हातात किती पडले, धान्य किती घेतले, व्याज कोणत्या दराने, परत किती गेले, हे सगळे तपासून मग रक्कम ठरवायची.

आता रानड्यांकडे येऊ. ते १८७१ पासून पुण्यात न्यायखात्यात होते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला त्यांचाही संशय आला, आणि त्यांना धुळ्याला धाडले. संशय फिटल्यावर १८८१ साली त्यांना याच शेतकरी कायद्याच्या कामावर, खालच्या कोर्टांची तपासणी करायला नेमले. १८८५ साली सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर घेतले. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर ते आमदार झाले. फरक एवढाच, की तेव्हा मतदान नव्हते, नेमणूक होती. आणि १८८७ साली ते याच कायद्याखाली स्पेशल जज्ज झाले. चार जिल्ह्यांतल्या मुन्सफांनी, गावमुन्सफांनी आणि तडजोड करणाऱ्या पंचांनी दिलेले निकाल तपासणे हे त्यांचे काम.

या कामाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. स्पेशल जज्ज पुण्यात गादीवर बसून राहत नसे. वर्षातले बरेच महिने फिरती. तालुक्याच्या गावी मुक्काम, तिथल्या कोर्टाची दप्तरे पाहणे, निकाल वाचणे. पत्नी रमाबाई या दौऱ्यांवर त्यांच्याबरोबर असत आणि त्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. कायदा करणाऱ्या सभेत बसलेला माणूस त्या कायद्याचे शेतकऱ्याच्या दारात काय होते हे स्वतः जाऊन पाहत होता. कागदावर चांगला दिसणारा नियम रोजच्या वापरात कुठे अडतो, हे त्याच्याइतके कुणाला कळणार?

म्हणूनच आम्हाला वाटते, की कायदे कौन्सिलचा अनुभव रानड्यांच्या न्यायदानाला भार झाला नाही. कोर्टातल्या निकालाने एका शेतकऱ्याचे एक कर्ज सुटते, पण कर्ज काढायची पाळी का येते हा प्रश्न शिल्लक राहतो, हे त्यांनी ओळखले होते. शेतीला स्वस्त आणि रास्त पतपुरवठा कसा उभा करावा, यावर त्यांनी १८९१ च्या सुमारास सविस्तर लिहिले. सर विल्यम वेडरबर्न आणि पुण्याच्या मंडळींनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली होती, तिच्यामागेही हाच विचार होता. विलायतेतल्या भारतमंत्र्याने ती मान्य केली नाही. पण १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आणि पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. आपण आज भागधारक म्हणून जे मिरवतो, त्याचे मूळ अशा धडपडीत आहे.

दुसरे नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे. हे पेशाने वकील, संस्कृतचे मोठे पंडित. १८८४ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलवर गेले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांबरोबर त्यांचाही हात होता. १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरवण्यात ते पुढे होते. असा उघड राजकारण केलेला माणूस १८८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. हिंदू कायद्यावरच्या त्यांच्या निकालांना पुढे मान मिळाली. १८९३ मध्ये अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले, आणि त्यांच्या जागी त्याच वर्षी रानडे उच्च न्यायालयात गेले. एका खुर्चीवर पाठोपाठ दोन माणसे, आणि दोघेही कायदे कौन्सिलात बसून आलेले.

कुणी म्हणेल, हे इंग्रजांच्या काळचे झाले. तेव्हा निवडणुकीचे राजकारण कुठे होते? हरकत बरोबर आहे. रानडे न्यायखात्यात असतानाच कौन्सिलातही बसत, हे आजच्या मापाने चालणारे नाही. आपल्या राज्यघटनेच्या ५० व्या कलमाने न्यायखाते कारभारापासून वेगळे ठेवण्याची दिशा दिली आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून स्वातंत्र्यानंतरची उदाहरणे घेऊ.

केरळचे व्ही. आर. कृष्ण अय्यर. १९५२ साली मद्रास विधानसभेत आणि १९५७ साली केरळ विधानसभेत निवडून आले. नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळात कायदा आणि पाटबंधारे अशी खाती त्यांच्याकडे होती. म्हणजे पाण्याच्या पाळीवरून शेतकरी कसा भांडतो हे त्यांनी पाहिलेले. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. त्या वेळी त्यांच्या राजकारणावरून टीका झाली. मग जून १९७५ मध्ये त्यांच्यापुढे पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा अर्ज आला. सुटीचे एकटे न्यायाधीश म्हणून निकाल त्यांनाच द्यायचा होता. त्यांनी पूर्ण स्थगिती दिली नाही. पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात जाता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही, वेतन घेता येणार नाही, असा सशर्त आदेश दिला. सत्ताधाऱ्यांना हवे ते पूर्ण मिळाले नाही आणि विरोधकांनाही मिळाले नाही. १९८० मध्ये ते निवृत्त झाले.

आता चौथे नाव, आणि ते सांगताना जपून बोलले पाहिजे. आसामचे बहारुल इस्लाम. १९६२ पासून ते राज्यसभेत काँग्रेसचे सदस्य. १९७२ मध्ये राजीनामा देऊन गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८२ मध्ये तिथे एक खटला निकाली निघाला. पाटण्याच्या एका नागरी सहकारी बँकेच्या कारभारावरून बिहारचे तेव्हाचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर खटला भरलेला होता. तो सरकारने मागे घ्यावा की नाही, असा प्रश्न. दोन विरुद्ध एक मताने मागे घ्यायला मंजुरी मिळाली. दोघांत बहारुल इस्लाम होते. विरोधी मत देणारे आपले न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर. निकालानंतर महिनाभराने, जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना इस्लामसाहेबांनी राजीनामा दिला. ते काँग्रेसचे लोकसभेचे उमेदवार झाले, आणि त्याच वर्षी पुन्हा राज्यसभेत गेले.

पुढे १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे प्रकरण पुन्हा ऐकले आणि बहुमताने तोच निकाल कायम ठेवला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने पहिला निकाल चुकला असे म्हणता येत नाही. पण लोकांच्या मनातला संशय गेला का? नाही गेला. आजही तो निकाल आठवला की त्याच्याबरोबर तो राजीनामा आठवतो. निकालातली कारणे कुणाच्या लक्षात नाहीत. आणि नुकसान कुणाचे झाले? एका सहकारी बँकेच्या कारभाराचा तो प्रश्न होता. आपल्या ठेवींबद्दल न्याय झाला की सोय झाली, अशी शंका ठेवीदाराच्या मनात राहावी, हे सहकाराला परवडणारे नाही.

या चार माणसांवरून आमचे मत असे झाले आहे. माणूस आधी कोण होता, एवढ्यावरून न्याय ठरत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, जुनी खुर्ची त्याने खरोखर सोडली आहे का, आणि परत तिकडेच जायची वाट उघडी तर ठेवली नाही ना? दुसरी, समोरच्या कागदावर थांबण्याऐवजी तो पहिल्यापासूनचा हिशेब उघडतो का? तिसरी, ज्या प्रकरणात त्याचा स्वतःचा हात होता, त्यात तो बाजूला बसतो का? या तीन कसोट्यांना उतरणारा माणूस आमदार असो, वकील असो की शेतकरी, त्याच्या हातून रास्त निकाल होण्याचा भरवसा धरता येतो.

आता हीच फूटपट्टी आपल्या घरात लावू.

आपल्या भागाला तडजोडीचा न्याय नवा नाही. मध्यप्रांतात १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला होता. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून, फेडता येईल असे कर्ज ठरवून देणारी मंडळे त्याखाली नेमली जात. म्हणजे एकमेकांसमोर हिशेब उघडणे ही आपल्याकडचीही जुनी रीत आहे.

पण कारखान्यात काय घडते? उसाची नोंद आमचे शेतकी खाते घेते. तोडणीचा क्रम आम्ही लावतो. टोळी कोणत्या गटात कधी पाठवायची हे आम्ही ठरवतो. आणि सभासद तक्रार घेऊन आला, की माझा ऊस मागे का राहिला, तर ती ऐकायलाही आम्हीच बसतो. आमच्यावरची तक्रार पुढे गेली तर संचालक मंडळाकडे जाते. त्याच मंडळाने तोडणीचे धोरण मंजूर केलेले असते. यात कुणाच्या सचोटीवर शंका नाही. पण वरच्या तिसऱ्या कसोटीला ही व्यवस्था उतरत नाही, हे मान्य केले पाहिजे.

एक उदाहरण घ्या. समजा, दोन सभासदांची नोंद एकाच आठवड्यातली. एकाचा ऊस जानेवारीत तुटला, दुसऱ्याचा मार्चच्या शेवटी. दुसऱ्याच्या उसाला तुरा आला, पोंगा पडला, वजन घटले. तो म्हणतो, अन्याय झाला. आम्ही वही दाखवतो, क्रम बरोबर आहे. इथे नुसती वही पाहून चालेल का? लागण कोणत्या तारखेची, जात कोणती, आडसाली की सुरू, ब्रिक्स कधी पाहिला आणि किती आला, रस्ता गाडी जाण्यासारखा होता का, टोळी त्या गटात असूनही पुढे का गेली, हे सगळे उघडले तर कदाचित आमचाच क्रम बरोबर ठरेल. कदाचित ठरणारही नाही. पण दोन्ही वेळा सभासदाला कारण कळेल. नुसत्या वहीवर निकाल देणे म्हणजे रोख्यावरचा अंगठा पाहून निकाल देण्यासारखेच आहे.

म्हणून आमची सूचना अशी.

कारखान्याने दर हंगामाला पाच जणांची तक्रार समिती नेमावी. तीन ऊस उत्पादक सभासद, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. ते संचालक नसावेत, आणि त्यांनी पुढची संचालक मंडळाची निवडणूक न लढवण्याचे लेखी द्यावे. चौथा, निवृत्त न्यायिक अधिकारी किंवा जाणता वकील. पाचवा, शेतीचे शिक्षण घेतलेला, पण कारखान्याच्या पगारावर नसलेला माणूस. आम्ही शेतकी खात्याचे लोक आणि संचालक यांनी या समितीपुढे कागद घेऊन हजर राहावे, मत मांडावे, पण निकालात बसू नये.

समितीने तक्रार गटाच्या गावी ऐकावी. दवनीवाड्याच्या सभासदाला कारखान्याच्या फाटकावर दिवस मोडायला लावू नये. नोंद, लागण, तोडणी, वजन पावती आणि बिलातली कपात हे सगळे कागद सुरुवातीपासून समोर मांडावेत. पंधरा दिवसांत कारणांसह लेखी निर्णय द्यावा. तो संचालक मंडळावर सक्तीचा नसला तरी चालेल. पण मंडळाला तो मान्य नसेल, तर का मान्य नाही हे वार्षिक सभेत सांगावे लागेल, एवढी अट पुरे.

यावर दोन हरकती येतील. पहिली, सहकार कायद्याच्या ९१ व्या कलमाखाली सहकारी न्यायालय आहेच, मग हे कशाला? आहे, आणि ती वाट खुलीच राहील. पण दोन-तीन टनांच्या घटीसाठी वकील लावून तारखा करणे सामान्य उत्पादकाला झेपत नाही. तो गप्प बसतो, आणि पुढच्या वर्षी ऊस दुसरीकडे घालतो किंवा बांधीत परत धानच लावतो. दुसरी हरकत, यामुळे अधिकाऱ्यांचा वचक जाईल. आम्ही स्वतः या खात्यात काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो, की वचक जात नाही. ज्याचा क्रम रास्त आहे त्याला तिसऱ्या माणसाने तो रास्त म्हटला तर त्याचे वजन वाढतेच. आज आम्ही कितीही सरळ वागलो तरी सभासद म्हणतो, तुमचंच खातं आणि तुमचाच निकाल. याला आमच्याकडे उत्तर नाही.

आपल्या संचालक मंडळात आज किंवा उद्या कुणी माजी आमदार असेल, कुणी होऊ घातलेला असेल. त्यात गैर काही नाही. सहकारातून राजकारणात आणि राजकारणातून सहकारात माणसे येत-जात राहणार. त्यांनी नियम करावेत, कारभार पाहावा, कारखान्यासाठी मुंबईला भांडावे. फक्त आपल्याच नियमाविरुद्धची तक्रार ऐकायला त्यांनी बसू नये, आणि आम्हीही बसू नये.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. सभासदांनी आपापल्या गटात बसून यावर बोलावे, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि सूचना पटली तर मुदतीत लेखी ठराव कारखान्याच्या कार्यालयात द्यावा. पुढच्या हंगामाचा तोडणी कार्यक्रम लागण्याआधी समिती नेमली गेली, तर पहिली तक्रार आमच्याच खात्याविरुद्ध आली तरी आम्ही सर्व वह्या घेऊन हजर राहू.